रजयांच्या भिंती

१२ नोव्हेंबर
शेवटचं गाणं आजही झालं नाही. सौरभने गिटार मांडीवर ठेवून कॉम्प्युटरवर आमचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि म्हणाला, "एक और." अख्खा अल्बम तयार आहे, फक्त हे उरलंय. झोपेत चालत नर्मदेपर्यंत जाणाऱ्या मुलीचं. शब्द माझे, चाल तिघांची.
खाली आमच्या ड्रमवाल्या फैजानच्या चाचांचं रजयांचं दुकान. दुपारी कापूस पिंजायचं मशीन थांबतं, तेवढ्या वेळात वर आम्ही. चाचांचा माल आमच्या खोलीच्या चारही भिंतींना टांगलेला. त्यामुळे आवाज मऊ येतो, कानाशी कोणी बोलल्यासारखा. आज कापसाची तुसं उन्हात तरंगत होती. माझ्या कीबोर्डवर बसली. पुसली नाहीत.

१७ नोव्हेंबर
थंडी पडली. चाचा गाण्याच्या मध्येच आले आणि खिडकीजवळची लाल रजई काढायला लागले. "बजाओ बेटा, बजाओ. नीचे ग्राहक खड़ा है."
फैजानने ड्रमवर डोकं टेकवलं. "चाचा, ठंड थोड़ी रुकवा दो."
"तुम गाना थोड़ा छोटा करवा लो."
तेवढी भिंत उघडी पडली. तिकडून माझा आवाज थोडा परत येऊन राहिला. सौरभला ते चालत नाही. बाकीच्या गाण्यांसारखाच आवाज पाहिजे. म्हणजे रजया विकल्या जायच्या आत गाणं व्हायला हवं.

१८ नोव्हेंबर
बाबा कारखान्यातून आले. चहा पिताना, "झालं का तुमचं गाणं?"
नाही म्हटलं.
"आहे तरी किती लांब?"
सतरा मिनिटं.
"एवढ्यात माणूस जेवून हात धुते, पोरी."
आई म्हणाली, "काहून चिडवता तिले? घरातली पहिली बी.ए. आहे. तिचं गाणं लांबच असंल."
हसू आलं. पण मला खरंच वाटतं, कोणी सतरा मिनिटं शांत बसून ऐकलं तर तो उठताना थोडा वेगळा माणूस असेल. हे बाहेर बोलायचं नाही.

२३ नोव्हेंबर
आज झालं होतं. तिघांचेही डोळे मिटलेले. मात्रा मोजायला विसरले तरी चुकले नाही. शेवटी सौरभ, "एक और."
मी विचारलं, क्या गलत था?
"पता नहीं. कुछ है."
जिन्यात फैजान हळूच म्हणाला, "दीदी, उसकी पुणे में नौकरी लग गई है. अल्बम पूरा करके जाएगा. आपको नहीं बताया?"
नाही. आणि मला वाटत होतं, तो चुका शोधून राहिला.

२५ नोव्हेंबर
पहाटे स्वप्न. रजया नर्मदेवर पसरलेल्या, आम्ही तिघं वर बसून वाजवतोय. पलीकडचा काठ येतच नाही. फार छान वाटत होतं. जाग आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. म्हणजे मलासुद्धा ते संपायला नको होतं...
पण न संपलेलं गाणं ऐकवणार कोणाला?
शेवटचं कडवं पुन्हा लिहिलं. बाकी गाणं हिंदीत आहे, हे मराठीत आलं. आईच्या बोलीत. येऊ दिलं.

२९ नोव्हेंबर
चाचांनी शेवटची रजई नेली. उघड्या भिंती, खिळे, चुन्याचे पोपडे. खोकलं तरी खोली उत्तर देते.
सौरभ वायर गुंडाळायला लागला. "अब नहीं होगा. आवाज़ मैच ही नहीं करेगी."
मी म्हटलं, लड़की नदी तक पहुँच गई है. नदी पर दीवारें नहीं होतीं. बजाते हैं.
फैजानने काठ्या उचलल्या. सौरभने वायर पुन्हा जोडली.
"पान्यावर पाय ठेवला, पानी जागं नाही झालं." ही ओळ म्हटली आणि ती चारही भिंतींवरून उशिराने परत आली, माझ्यापेक्षा मोठी. पलीकडच्या काठावरून कोणीतरी म्हटल्यासारखी. शेवटच्या सुरावरून बोट उचललं तरी सूर राहिला. मग खाली मशीन सुरू झालं, तेही त्यात मिसळलं.
सौरभ "एक और" म्हणाला नाही. "हो गया"ही म्हणाला नाही. पुण्याचं मी विचारलं नाही.
दाराला कडी लावताना आठवलं, सौरभला विचारलं. रेकॉर्डिंग बंद किया न?
"चलने दो," म्हणत तो जिना उतरत राहिला.