दुसऱ्या कडव्यानंतरची टक

३ मार्च १९६४, मंगळवार
काल चुकीचं लिहिलं. रेकॉर्डमधली टक दुसऱ्या कडव्यात नाही; कडवं संपून गाणारी बाई श्वास घेते, तिथे आहे. बाबा घरी शिकवायचे तेव्हाची सवय — चूक दिसली की आधी दुरुस्ती, मग जेवण.

बाकी सगळं खरं. ज्याच्याशी माझं लग्न ठरलंय, त्याच्याच मशीनवर निघालेल्या रेकॉर्डी मी नापास केल्या. कारखान्यात आमच्या तपासणीच्या खोलीत गाणं ऐकायचं नसतं. हेडफोन लावून फक्त दोष ऐकायचे. सगळं शहर हे प्रेमगीत गुणगुणतंय आणि मला त्यात ऐकू आली ती टक!

त्यानेही ऐकलं. "अगं, काही नाहीये."

मी म्हटलं, "मशीनजवळ उभं राहून कान गेलेत तुझे." सगळ्यांसमोर.

५ मार्च, गुरुवार
त्याला कामावरून काढलं. साहेबांनी रेकॉर्ड लावूनसुद्धा पाहिली नाही. "तिचा कान म्हणजे शेवटचा शब्द." सगळा माल वितळवायला गेला.

फाटकाशी त्याला गाठलं. म्हणाला, "लग्नानंतर माझं घोरणंही नापास करशील." मी हसले. तो नाही हसला. "लग्न कसलं म्हणा आता!" सायकल वळवली आणि गेला.

८ मार्च, रविवार
आई सारखी विचारतेय, "आज जावईबापू फिरकले नाहीत ते?" डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. शेजाऱ्यांच्या रेडिओवर तेच गाणं. दार उघडं ठेवलंय, ये — असं बाई किती लाडाने म्हणते. कोण येतंय!

१० मार्च, मंगळवार
तेच गाणं. साचा नवा, मशीन दुसरं, माणूस दुसरा. तरी टक आहेच. पण आज कडव्याच्या आधी. नापास.

११ मार्च, बुधवार
पहिल्या रेकॉर्डीत टक सुरुवातीलाच. दुसरीत अगदी शेवटी. शेजारी बसणारीला हेडफोन दिला. तिने दोन्ही पुरत्या ऐकल्या. "लोण्यासारख्या आहेत गं. झोप झाली नाही का तुझी?"



१२ मार्च, गुरुवार
सुई उचलून ठेवली. रेकॉर्ड थांबली. टक. हेडफोन काढला. टक. डाव्या कानात, आत.

१३ मार्च, शुक्रवार
त्याच्या रेकॉर्डींतली एकही उरलेली नाही. दुसऱ्या कुणाला ऐकवून खात्री करून घ्यावी म्हटलं तर तीही सोय नाही. त्याला मी बहिरा ठरवलं!

आईला सांगितलं.  म्हणाली, "बाहेर बोलू नकोस. कानाने अधू मुलगी कोण करून घेणार? आणि घर कशावर चालवायचं?" बाबा गेल्यापासून घर माझ्या या कानांवरच चाललंय. तिचंही खोटं नाही. 

१४ मार्च, शनिवार
आज सगळ्या पास केल्या. ऐकलं काहीच नाही.

१५ मार्च, रविवार
उद्या, सोमवार, सोळा मार्च. सकाळचा भोंगा व्हायच्या आधी साहेबांच्या खोलीत जाणार. त्याला परत बोलवा म्हणणार. का, ते विचारतील. सांगणार. आईला माहीत नाही.