सतराव्या हाताची व्यवस्था

१. गुहेच्या उत्तर भिंतीवर हातांचे एकोणीस प्रागैतिहासिक ठसे आहेत. हात भिंतीला टेकवून भोवती गेरूचे पाणी तोंडाने फवारायचे. हात उचलला की त्याची मोकळी आकृती राहते.
२. मार्चमध्ये, फोटोत रंग उठून दिसावा म्हणून विभागप्रमुखांनी सतराव्या ठशावर बादलीभर पाणी मारायला लावले. मी विरोध केला.
३. जुलैमध्ये त्यावर क्षारांचा पांढरा थर आला. अंगठा आता दिसत नाही.
४. अहवालात 'नैसर्गिक झीज' असे लिहून माझी सही मागण्यात आली. मी दिली नाही.
५. येत्या १५ तारखेला माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे.

सबब हे मृत्युपत्र. मी, वय एकतीस, अविवाहित, रंगद्रव्यांची रासायनिक तपासणी करणारी, हे स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. बिघडली आहे ती झडप, डोके नव्हे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

राहती खोली भाड्याची आहे. बँकेतली शिल्लक आईला. तिने माझ्या नावाने कसलाही फलक लावू नये. त्या पैशांतून तीन वर्षे लांबणीवर टाकलेले दात बसवून घ्यावेत.

खल, चाळण्या, फुंकायच्या नळ्या आणि एकसष्ट चाचणी-फरशा आत्याला. आत्या घरे रंगवते. सतराव्या ठशाचा फोटो मी तिला सहज दाखवला होता. तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "अगं, हे एकट्याचं काम नव्हे. स्वतःच्या हातावर फुंकलं तर एका बाजूला रंग दाट पडतो. इथे बघ, दोन्हीकडे सारखा. दुसऱ्या कुणीतरी फुंकलंय."

"कशावरून?"

"तीस वर्षं भिंतीकडे तोंड करून उभी आहे, त्यावरून. तू लाव तुझी यंत्रं, मी चहा टाकते."

मी लावली. एकटीने केलेल्या चाळीस फरशांपैकी एकीवरही तसा सारखा रंग पडला नाही. माझा हात धरून आत्याने फुंकलेल्या एकवीसपैकी अठरांवर पडला. म्हणजे त्या भिंतीपाशी बहुधा दोघे होते: एकाने हात स्थिर ठेवला, दुसऱ्याने श्वास खर्च केला. का, ते मला माहीत नाही. विभागप्रमुखांनी त्याला 'शिकाऱ्याची विजयमुद्रा' म्हटले आहे. त्यांनाही माहीत नाही, फक्त ते तसे लिहीत नाहीत.

बैठकीत मी फरशा मांडल्या तेव्हा ते म्हणाले, "आत्याबाई रंगारी ना? मग आधी आमच्या ऑफिसला एक हात मारून द्या म्हणावं." सगळे हसले. चार महिन्यांनी त्यांच्या लेखात 'आमच्या निरीक्षणानुसार दोन व्यक्ती' असे छापून आले. विजयमुद्राही तशीच होती, आता दोघांची. आत्याचा उल्लेख नाही. तिने लेख वाचून एवढेच विचारले, "मग ऑफिस कधी रंगवायचं?"

विभागप्रमुखांना मी बादली ठेवते. निळी, कडी तुटलेली, माझ्या कपाटात आहे. ती विभागाची मालमत्ता असल्याचे त्यांचे म्हणणे असेल तर तसे लेखी द्यावे; ती गुहेत कशासाठी नेली होती, तेही त्याच कागदावर यावे.

तिन्ही नोंदवह्या मामेबहिणीकडे. ती वकील आहे, आणि या मृत्युपत्राची व्यवस्थापकही. पाणी पडण्यापूर्वीची त्या अंगठ्याची मापे फक्त या वह्यांत आहेत. विभागातल्या कोणालाही त्या घरी नेऊ देऊ नयेत, 'फक्त चाळतो' म्हटले तरी.

साक्षीदार:
खालच्या मजल्यावरील परिचारिका. माझ्यासमक्ष सही केली. (सही)
गुहेचा राखणदार. माझ्यासमक्ष सही केली. बादली मीच भरून आणली होती. साहेबांनी सांगितले म्हणून आणली. पुन्हा आणणार नाही. (सही)

लिहून देणार: (सही)
स्थळ: राहती खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: ३ सप्टेंबर

प्रत विभागप्रमुखांस. २० तारखेला उरलेल्या अठरा ठशांचे फोटो घ्यायचे ठरले आहे. त्यांवर पाणी मारणार आहात की नाही, एवढेच लेखी कळवावे. उत्तर न आल्यास मामेबहीण वह्यांच्या प्रती गुहेच्या विश्वस्तांना देईल. त्यासाठी मी मरण्याची वाट पाहायची नाही, असे तिला सांगितले आहे. उत्तर १४ सप्टेंबर, सायंकाळी पाचपर्यंत मिळावे.