आईच्या खुर्चीपाशी वेबकॅम

चंदीगड, गुरुवार, १७ फेब्रुवारी २००५

वैताग नुसता! आमच्या प्रयोगशाळेची माहिती देणाऱ्या सीडीसाठी घरीच हिंदी निवेदन रेकॉर्ड करत होतो, तर माझा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. माइकच बिघडला असं धरून रेकॉर्डिंग तसंच चालू ठेवून नवा आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, "ले जाओ जी, पक्का माल है." नव्या माइकनेही तेच! शेवटी सेटिंग उघडलं. कॉम्प्युटर माइकचा नव्हे, वेबकॅममधल्या माइकचा आवाज घेत होता. आणि वेबकॅम आईच्या खुर्चीपाशी. अमेरिकेतला दादा तिला रविवारी त्यावरच भेटतो.

दुपारी मी दुकानात असताना चालू राहिलेली फाईल पुसण्याआधी सहज ऐकली. माझं पुसट "हॅलो, हॅलो", दार लागल्याचा आवाज, आणि मग अगदी जवळून आई: "जेवलास का रे? मी बरी आहे. हा सारखा कामात असतो, बोलायला कोणी नाही. त्याला सांगू नकोस हं."

रविवारचा कॉल चालू नसताना त्या वेबकॅममधून दादाला काही ऐकू जात नाही, हे तिला माहीत नाही? की माहीत आहे?

सेटिंग बदललं. आवाज स्वच्छ आला. आईने विचारलं, "झालं का तुझं काम?"

"झालं," म्हणालो. तिच्या खुर्चीपाशी स्टूल ओढून बसलो आणि विचारलं, "तू जेवलीस का गं?"