खिंडीतले दीडशे घोडे

३ नोव्हेंबर १९५८, किहीम
आज पुन्हा खिंडीच्या चढावर माझी मासळीची गाडी थांबली. कोळणी नेहमीसारख्या हसत उतरल्या, चढ चालत गेल्या, वर पान खाऊन परत गाडीत बसल्या. मासळी वेळेवर पेणला पोचली. माझी अब्रू मात्र खिंडीतच राहिली. मागून दुसरा गाडीवाला, करमअली, आपली गाडी घेऊन आला आणि सलाम ठोकून पुढे गेला. सलाम कसला, टोमणाच तो.
वैताग आला या पेट्रोल इंजिनाचा. लढाईतलं आहे, खोकतं. निश्चय: डिझेल इंजिन घ्यायचं. जुनं चालेल, पण हॉर्सपॉवर दांडगी पाहिजे.

५ नोव्हेंबर
गोदूचं म्हणणं, बायांना चालायला आवडतं, घरचं दारचं बोलून होतं तेवढंच, तुम्हीच मनाला लावून घेता. बायकोला धंद्यातलं कळत नाही. तिला हॉर्सपॉवर समजावली, इंजिनात दीडशे घोडे असतात वगैरे. तिनं विचारलं, खातात काय?

१३ नोव्हेंबर, मुंबई
रेवसहून लाँच. उलटी झाली. ड्रायव्हर खलील बरोबर. दारूखान्यात, म्हणजे जुन्या लोखंडाच्या बाजारात, एका भंगारवाल्यानं तीन इंजिनं दाखवली. दोन गार, गंजकी, साठ-सत्तर घोड्यांची. सुरू करून बघा म्हणाला. कशाला? तिसरं दीडशेचं! हात लावला तर गरम. आम्ही यायच्या आधीच चालवून ठेवलेलं. एका झटक्यात सुरू. आवाज असा की पलीकडची मांजर पळाली.
खलील कानाशी म्हणाला, शेट, थंड होऊ दे, मग परत चालवून बघू. त्यात लाँच चुकली असती. शिवाय गिऱ्हाईक यायच्या आधी कोण एवढी तयारी ठेवतो? अशी माणुसकी हल्ली राहिली नाही. घेतलं.

२२ नोव्हेंबर
बसवलं. बॉनेट लागत नाही, सुंभानं बांधलं. जुनं इंजिन करमअलीनं नेलं, त्याचं म्हणे फुटलं. बिचारा! कीव आली.
नारळ फोडला. कोळणींना सांगून टाकलं, उद्यापासून खिंडीत कुणी उतरायचं नाही.

२३ नोव्हेंबर
पहाटे गाडी सुरूच होईना. थंडी होती, इंजिनालाही वाजली असणार. कोळणींनी पाट्या उतरवून धक्का मारला. वाळूत. ऊन वर आलं तेव्हा कुठं सुरू झालं, नुसता काळा धूर. पेणला पोचलो तर बाजार उठलेला. कोलंबीला वास सुटला होता. सोनाबाई त्या सगळ्यांची पुढारी. तिनं पाटी गटारात उपडी केली. मग म्हणाली, शेट, आणखी एक डाव असं झालं तर आम्ही करमअलीच्या गारीत.
नव्या इंजिनाला माणसांची सवय व्हायला वेळ लागतो.

२४ नोव्हेंबर
गोदूनं विचारलं, घेताना बघितलं नव्हतं का? सांगितलं, चांगलं गरम होतं. ती भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, आधीच तापवलेलं दूध कुणी विकायला आणलं तर मी घेत नाही. नासायला आलेलंच तापवतात.
जेवण गेलं नाही. मागल्या दारी जाऊन रडलो. वडील बैलगाडी हाकायचे. या गाडीमुळे मी शेट झालो. गाडी गेली की पुन्हा नुसता रावजी.
पण दूध वेगळं, डिझेल वेगळं.

२६ नोव्हेंबर
युक्ती: इंजिन बंदच करायचं नाही. रात्रभर चालू ठेवलं. गाव जागं. मासळी भरायच्या ऐन वेळी डिझेल संपलं. गाडी गार. कोळणी समोरून करमअलीच्या गाडीत चढल्या. बघितलं नाही असं दाखवलं.

२९ नोव्हेंबर
नवी, पक्की योजना. रात्री गाडी खिंडीच्या माथ्यावर ठेवायची, सकाळी उतारावर सोडायची, आपोआप सुरू होईल.
आज सकाळीच कशीबशी सुरू करून रिकामी गाडी घेऊन निघालो. दीडशे घोडे अर्ध्या चढावर बसले. करमअली आला. त्याच्या बाया आपणहून उतरून चालू लागल्या. त्यानं दोरखंड बांधला आणि मला माथ्यावर ओढून नेलं. माझ्याच जुन्या इंजिनानं! तेच खोकणं. मी ते ओळखलं, इंजिनानं मला ओळखलं नाही.
दोर सोडताना करमअलीनं सलाम केला नाही. ते जास्त लागलं.

३० नोव्हेंबर
गाडी उतारावर सोडली नाही. सुरू झाली नाही तर खाली जाऊन बसेल, आणि परत ओढायला कुणाला सांगू? ब्रेक लावून चाकांना धोंडे दिले. खलील करमअलीकडे लागला. तात्पुरता, म्हणतो.

७ डिसेंबर, खिंड
टायर चोरीला जातात म्हणून रोज येऊन गाडीजवळ बसतो. थकवा फार. जाणकार मेकॅनिक शोधायचा आहे, उद्यापासून.
सकाळी करमअलीची गाडी चढाला आली. बाया उतरल्या, गप्पा मारत वर आल्या, माझ्या गाडीच्या सावलीत टेकल्या आणि पानं काढली. एक मलाही दिलं. गाडी खोकत वर पोचली तशा उठल्या. करमअलीशेट, थांब रं, असं ओरडत निघाल्या. सोनाबाई जाता जाता वळून म्हणाली, रावजी, गारी हालवू नको हां, सावली बरी परते.
म्हटलं, बरं. तुम्ही म्हणताय तर नाही हलवत.