फोटोत उरलेलं कोपर

आये, तुझ्या धाकटीने तुझा फोटो जगाला वाटलाय आणि खाली लिहिलंय, मासे विकून आईने आम्हां दोघी बहिणींना शिकवलं. दोघींना! मी चौथीतून उठले ती काय कॉलेजात गेले? खाली लोकांनी हात जोडलेत. धन्य ती माउली म्हणे. आणि फोटो कुठला, तर आपल्या चारकोपच्या बाजारातला. तुझ्या उजव्या हाताला मीच बसले होते. तिने मला कापलं, माझं कोपर तेवढं राहिलंय. तिला मुलुंडला फोन लावून विचारलं तर म्हणते, "अगं ताई, चौकोनात मावत नव्हतं ना." तू मावलीस, पापलेटांची टोपली मावली, मी नाही मावले.

तुझ्या वेळी हे नव्हतं म्हणून सांगते. फोनवर एक नवीनच निघालंय, सगळे तिकडे चाललेत, म्हणून लेकीने मागच्या आठवड्यात माझ्याही फोनात घातलं. बोटाने वर सरकवत राहायचं, लोकांची तोंडं संपतच नाहीत. कुणाचं जेवण, कुणाची नवी गाडी, कुणाचं कुत्रं. एखादं आवडलं की दाबून आपल्या माणसांत वाटायचं, ती आणखी पुढे वाटतात. सगळे ओरडतायत, गिऱ्हाईक कोणीच नाही. आणि माशासारखा कल्ला उचलून बघायची सोय नाही, ताजं कुठलं न् बर्फातलं कुठलं ते कळणार कसं? आत शिरतानाच नाव विचारलं, गाव विचारलं, मग शाळा. तिथे मी थांबले. लेक म्हणाली, "भर ना मम्मी." म्हटलं, काय भरू? "मग 'नंतर' दाब, पुढे जातं." पुढे गेलं खरं, पण तो रकाना रोज येऊन विचारतो आणि मी रोज 'नंतर' दाबते. तूही तेच म्हणाली होतीस, पुढच्या वर्षी बघू.

खोटं नाही लिहिणार, शाळा मीच नको म्हटली होती. बाईंनी मला मागच्या बाकावर एकटीला बसवलं, मासळीचा वास येतो म्हणून. मी घरी आले, तू ओट्यावर सुकट निवडतेयस, मी दप्तर टाकलं न् म्हटलं, मला नाही जायचं. तू मान वर केली नाहीस. "बरं, पुढच्या वर्षी बघू," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी माझ्या मुठीत बसेल एवढी छोटी सुरी आणून दिलीस. महिनाभर मी ती उशाशी घेऊन झोपले, एवढी खूश होते. पुढे तीन वर्षांनी धाकटी तसंच रडत आली, तोच वास, त्याच बाई. तिला तू ओल्या हाताने मुस्काटात दिलीस, दंडाला धरून शाळेपर्यंत फरफटत नेलीस आणि बाईंच्या तोंडावर ओरडलीस, "वास येतो तर नाक धरा, पण शिकवा!" मी टोपली घेऊन फाटकाशी उभी होते. मला वाटलं, आता माझ्याकडेही वळशील. तू टोपलीतला बर्फ बघितलास न् म्हणालीस, "चल गं, उशीर झाला."

तीन वर्षांत तुला अक्कल आली, की मी हाताशी आले होते म्हणून सोपं पडलं? नऊ वर्षांच्या पोरीचं एकदाच ऐकायचं असतं का? दुसऱ्यांदा का नाही विचारलंस?

परवा धाकटी म्हणाली, "ताई, रविवारी आईचं वर्ष आहे. फोटोखाली तूही दोन ओळी टाक ना, लोक विचारतात मोठी बहीण कुठे असते." तिला काय, तिने खाल्लेली थप्पड ती विसरलीय. खरं लिहिलं तर तुझी अब्रू जाते, तिचं लिहिलेलं खोटं पडतं, आणि मग ती माझ्या दारात येणार नाही. खोटं लिहिलं तर माझं कोपरही गेलं. हे मी लेकीच्या जुन्या वहीत लिहितेय, फोनवर बोट लागलं तर सगळीकडे जाईल. वही डब्यांच्या मागे ठेवणार आहे.

एक सांगते. त्या फोटोला मी बदाम दाबलाय. खालचं वाचायच्या आधीच, तुझं तोंड दिसलं म्हणून. लेक म्हणते काढता येतो. अजून काढलेला नाही.

मेलेल्यांना बोलता येत नाही हे मला सांगू नकोस, जिवंत होतीस तेव्हा सगळा बाजार तुला गप्प करू शकत नव्हता. रविवारी सकाळी मी टोपली उचलायच्या आत सांग. मला का नाही मारलंस?