दुसऱ्या टाकीवरचा अन्याय

३ फेब्रुवारी
ऋता आज ट्रेनिंगसाठी कोचीला गेली. तिच्या लॅबमध्ये वायरिंगचं काम निघालंय, म्हणून समुद्री शिंपल्यांच्या दोन टाक्या आमच्या काळेवाडीच्या फ्लॅटमध्ये. तिच्या पीएचडीचं शेवटचं प्रकरण या शिंपल्यांवर अडलंय आणि फेलोशिप मार्चअखेर संपते. ती येईपर्यंत जबाबदारी माझी. म्हटलं, पोरी, चाकणच्या कंपनीत सतरा वर्षं युनियनचा सेक्रेटरी होतो, शिंपले काय घेऊन बसलीस!
संकल्प: रोज पहाटे हजेरी.

४ फेब्रुवारी, सकाळी ९
पहाटे जाग आली होती. उठलो नाही, एवढंच.
विषय सोपा आहे. पाण्यात जंतू आले की शिंपल्याचे काही जीन जागे होतात आणि जंतू मारायचा माल तयार करायला लागतात. कोणते जीन, किती जोरात, हे ऋताला मोजायचंय. निळ्या बाटलीत मेलेले जंतू आहेत. रोज दहा थेंब, फक्त पहिल्या टाकीला. दुसरीला नुसतं खारं पाणी. का, ते ती सांगत होती, पण तेव्हा मॅच चालू होती.

५ फेब्रुवारी
दुसऱ्या टाकीकडे बघवत नाही. समुद्र एक, खोली एक, तरी हिला डोस आणि तिला पाणी? हे म्हणजे पर्मनंटला कँटीन आणि ठेक्यावरच्याला घरचा डबा. याविरुद्ध हयात घातली मी. आता माझ्याच घरात हेच?

६ फेब्रुवारी
पाच थेंब इकडे, पाच तिकडे. जयमाला म्हणाली, अहो, लेकीला एक फोन तरी करा. इतकी वर्षं संसार करून बायकोला लढा कळला नाही. संपावर जाताना मॅनेजमेंटची परवानगी घेतात का?

९ फेब्रुवारी
दुसऱ्या टाकीतले शिंपले तोंड उघडून होते. कृतज्ञता. जयमालाच्या मते ते पहिल्या दिवसापासून तसेच आहेत. असो.
ऋताचा फोन. डोस देताय ना, बाबा? म्हटलं, न चुकता. यात खोटं काय आहे?

१३ फेब्रुवारी
ऋता आली, टाक्या लॅबला गेल्या. एकही शिंपला दगावला नाही. शाबासकी नाही मिळाली. मॅनेजमेंट!

२१ फेब्रुवारी, रात्री
रिपोर्ट आला. दोन्ही टाक्यांतले जीन सारखेच जागे झालेत, म्हणे. मी टाळी वाजवली आणि पाच-पाच थेंबांचं सांगून टाकलं. ऋतानं लॅपटॉप मिटला. मग शांतपणे सांगितलं, की दुसरीशी ताडून बघूनच पहिलीत काय बदललं ते कळणार होतं. तिला काही न देणं हाच तर प्रयोग होता. म्हटलं, मग आधी सांगायचं. म्हणाली, सांगितलं होतं, बाबा. जेवली नाही.

२२ फेब्रुवारी
माफी मागणार नाही. हेतू स्वच्छ होता.
आतल्या खोलीत ती रडत होती. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि चूक कबूल करणं वेगळं. ती माझ्याशी बोलेपर्यंत बेमुदत उपोषण जाहीर केलं.
दुपारी ३: साबुदाण्याची खिचडी घेतली. उपासाला चालते.

२३ फेब्रुवारी
उपोषण स्थगित. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

२७ फेब्रुवारी
तिच्या गाईडनं आणखी एक संधी दिलीय. नवे शिंपले, पहिल्यापासून सगळं. फेलोशिप मात्र वाढणार नाही, एप्रिलपासून ती फुकट राबणार. आणि हे ज्या पोरीला सोसायचंय, ती एका शब्दानं माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर उत्तर तयार होतं.

१ मार्च
लॅबचं वायरिंग संपलेलं नाही, टाक्या परत घरी. ऋतानं आईला थेंब मोजायला शिकवलं. मी ताठ मानेनं विचारलं, माझी ड्यूटी काय? म्हणाली, दुसऱ्या टाकीला जे द्यायचंय तेच तुम्हाला, बाबा. काही नाही.
निषेध नोंदवायला टाक्यांच्या खोलीपाशी गेलो. दाराला कुलूप. किल्ली जयमालाच्या कमरेला.
सतरा वर्षं मागण्याच केल्या मी. आज ती किल्ली मागायची हिंमत झाली नाही.