चष्मा धुवायला उठणारा माणूस

दि. ४ जून

ती. आक्कास,

शि. सा. न. पत्राला उशीर झाला, शिव्या मनातल्या मनात दे.

माझं वाचणं-बघणं जोरात चालू आहे. नव्या ऐतिहासिक मालिकेत राजाच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा पांढरा वळ दिसला. मी तक्रार लिहायला बसलो, तर तुझी भावजय म्हणते, राहू द्या हो, त्यालाही वेळेवर दरबारात जायचं असेल. सध्या एका वेढ्यावरचं जाडजूड पुस्तक वाचतोय. मदतीला येणारी फौज वाटेतच कापली गेली आणि कारभाऱ्यांनी म्हाताऱ्या राजाला ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही. तो बिचारा पुढच्या वर्षीच्या पेरणीचे हुकूम सोडत बसला. मी समासात चार ठिकाणी ‘नालायक’ लिहून ठेवलंय.

आता खरं ते. हिचा रिपोर्ट आला. पोटातली गाठ वाईट निघाली, यकृतापर्यंत पसरलीये. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले. फार तर दोन-तीन महिने. हिला मी अल्सर सांगितलाय. माहेरी आईला भेटायला न्या म्हणून मागे लागलीये, पण आईसमोर माझा चेहरा बघून हिला सगळं कळेल. बरी झालीस की जाऊ, असं सांगत राहतो. तू चुकूनही बोलू नकोस, माझी शपथ आहे.

लोभ आहे तेवढाच ठेव, वाढवलास तर रडू येईल.

तुझा भाऊ

दि. १९ जून

ती. आक्कांना,

शि. सा. न. पडून लिहितेय, अक्षर गोड मानून घ्या.

तुमच्या भावाने तुम्हाला सगळं कळवलं असणार आणि शपथही घातली असणार. घाबरू नका, मी काही विचारत नाही. मला माहीत आहे.

इतकी वर्षं यांच्या शेजारी बसून मालिका बघतेय. कोणाची मरायची वेळ आली की हे उठतात आणि बेसिनपाशी जाऊन चष्मा धुतात. शतक कोणतंही असो. परत येऊन विचारतात, काय झालं? जसं काही यांना ठाऊकच नाही! त्यामुळे हे उठले की मी समजते, हा गडी आता जाणार. रिपोर्टच्या दिवशी मी सहज विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. हे उठले आणि चष्मा धुवायला गेले. नळ किती वेळ चालू होता म्हणून सांगू.

खोटं बोलणं यांना जन्मात जमलेलं नाही. आता धडपडत जमवतायत, तर ते मोडायचं माझ्या जिवावर येतं. पण आक्का, आईला एकदा बघायचंय. तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचंय, बस. काहीतरी सबब काढा आणि यांना मला तिकडे न्यायला लावा. मला कळलंय हे मात्र सांगू नका.

मला भीती वाटते. दुसऱ्या कोणाजवळ बोलता येत नाही.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची भावजय

दि. ६ जुलै

चि. भाऊस,

आशीर्वाद, पण आज रागावून.

हवापालटाला म्हणून तिला माहेरी ने, असं मी लिहिलं. उत्तरात तू तीन पानं वेढा लिहिलास आणि शेवटी ‘पुढच्या महिन्यात बघू’. फोनवर मला हे बोलवेना, दोनदा लावून ठेवून दिला. पाय प्लास्टरमध्ये नसता तर येऊन तुझा कान धरला असता.

आता मी दोघांचाही शब्द मोडतेय. तिला रिपोर्टच्या दिवसापासून माहीत आहे. तिला दुखवू नये म्हणून तू गप्प, तुला दुखवू नये म्हणून ती. त्या कारभाऱ्यांना नालायक म्हणालास ना? मग तू वेगळं काय करतोयस? तिच्या हातात फार दिवस नाहीत आणि तू जाणं पुढे ढकलतोयस. पत्र खाली ठेव आणि तिला आईकडे ने. आजच.

राग कागदावर आहे, पोटात माया आहे.

आक्का

दि. १६ जुलै

ती. आक्कास,

शि. सा. न. फोनवर तुला कळलंच. पायामुळे येता आलं नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस.

तुझं पत्र आलं त्या दुपारी तिच्याजवळ बसलो. पत्रच तिच्या हातात दिलं. वाचून ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. आजारी ती, आणि समजूत माझी काढत होती. मग म्हणाली, आता गाडी सांगा.

शुक्रवारी गाडी आली. मागच्या सीटवर गादी घातली, पण तिला उठून बसवेना. डॉक्टर नको म्हणाले. पंधरा दिवस आधी नेता आलं असतं, असंही म्हणाले. मी विचारलं म्हणून.

संध्याकाळी तिने आईला फोन लावायला सांगितला. आवाज नीट निघावा म्हणून दोन घोट पाणी घेतलं आणि हसून म्हणाली, रविवारी येतेय गं. रविवारी पहाटे गेली.

माझ्या मेहुण्याला कळवलं, पण आईला सांगायचं धाडस त्याला होत नाहीये. ती दारात खुर्ची टाकून बसलीये, जेवायलाही आत येत नाही म्हणतो. मी म्हटलं, मी येऊन सांगतो. माझ्यामुळे राहिलं, मलाच सांगायला हवं.

उद्या सकाळी त्याच गाडीने निघतोय. गादी काढू का, असं ड्रायव्हरने विचारलं, मी चष्मा धुवायला आत गेलो. आईला आता फारसं दिसत नाही. गाडी थांबली की ती चाचपडत येईल आणि आधी मागचं दार उघडेल.

लोभ सोडू नकोस.

तुझा भाऊ